पाक झालं ना?

ओसीडी, म्हणजे न सुटणाऱ्या शंकांपायी पुन्हापुन्हा तेच करायला लावणारा आजार, झालेल्या बायका मदत मागत नाहीत, अशी तक्रार मानसोपचाराच्या क्षेत्रात नेहमी ऐकू येते. मुस्लीम बायका तर मागतच नाहीत, असं त्याला जोडलं जातं आणि मग पडदा, अशिक्षितपणा, मौलवी, ताविज अशी ठरलेली कारणं पुढे येतात. मला ही तक्रार अर्धीच खरी वाटते. नमाजी घरातली, या आजारात सापडलेली बाई दिवसभर कुणाला ना कुणाला विचारतच असते. नवऱ्याला विचारते, पाक, म्हणजे शुद्ध, झालं ना? सासूला विचारते, माझं कोपर कोरडं तर नाही राहिलं? आठवड्याच्या धर्मशिक्षणाच्या तालीमला भेटणाऱ्या आपाला गाठून विचारते, नीयत मनातल्या मनात अर्धवट झाली तर नमाज होते का? रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर मुफ्तींचे व्हिडिओ एकामागून एक बघते. तिचं मागणं इतकं अखंड असतं की घरचे विटून जातात. ती मागते ती खात्री, आणि खात्री देणारे तिच्याभोवती पैशाला पासरी असतात. माझं म्हणणं असं की ही खात्रीची देवघेव थांबल्याशिवाय तिच्यापर्यंत मदत पोचत नाही. ती थांबवण्याचा पहिला अधिकारही डॉक्टरकडे नाही. तो तिच्याच दीनदार वर्तुळातल्या एखाद्या जाणत्या बाईकडे आहे.

नांदगाव खंडेश्वरसारखं तालुक्याचं गाव डोळ्यांसमोर ठेवू. यादवकाळातल्या हेमाडपंती देवळाचं गाव, पंजाबराव देशमुखांचं पापळ याच तालुक्यातलं, आता समृद्धी महामार्गही तालुक्यातून जातो. एवढं असलं तरी मनाच्या डॉक्टरसाठी अमरावती गाठावी लागते. इथल्या एका मोहल्ल्यातली बाई कल्पू या. ती अमुक एक नव्हे, या आजाराच्या ओळखीच्या खुणा एकत्र करून उभी केलेली आहे. तिशीतली, दोन लेकरांची आई. फजरच्या अजानला उठते आणि वजूला बसते. वजू म्हणजे नमाजआधीचं हात-तोंड-पाय धुणं, दोन-तीन मिनिटांचं काम. तिला अर्धा तास लागतो, कारण कोपरापर्यंत आली की मनगट राहिल्यासारखं वाटतं आणि ती पहिल्यापासून सुरू करते. मुसल्ल्यावर उभी राहून हात बांधते, तेवढ्यात नीयत बरोबर झाली नाही असं वाटून हात सोडते. पुन्हा बांधते. नमाजच्या तिसऱ्या रकातीत, म्हणजे आवर्तनात, शंका येते की ही तिसरी की दुसरी. मग वाटतं, लघवीचा थेंब तर सुटला नाही? परत मोरीत. धाकट्यानं चटईवर मुतलं तर चटई नापाक, चटई टेकली ती फरशी नापाक, फरशीवरून गेलेले सगळ्यांचे पाय नापाक. धुण्याच्या मशीनमध्ये एक शंकेचा कपडा गेला की सगळं धुणं पुन्हा. मे महिन्यात, घरोघरी पाणी ड्रममध्ये साठवून मोजून काढायच्या दिवसांत, ही एकटी अर्धा ड्रम संपवते आणि सासू-सुनेचं भांडण शेजारपाजारी ऐकू जातं.

यात एक गोष्ट बाहेरच्याला दिसत नाही. तिला हे आवडत नाही. भाविकपणाचं समाधान या धुण्यात औषधालाही नसतं. नमाजची वेळ जवळ आली की तिच्या पोटात गोळा येतो. बाळंतपणानंतर चाळीस दिवसांपर्यंत नमाज माफ असते, पाळीच्या दिवसांत माफ असते. त्या दिवसांत नमाजपुरती तरी उसंत मिळते आणि त्या उसंतीची तिला लाज वाटते. पाळी नेमकी कधी संपली, आता गुसल, म्हणजे शुद्धीची आंघोळ, करायचं की थांबायचं, हा नवा प्रश्न तोवर दारात उभा असतो. बाळंतपणानंतर हा आजार सुरू होणं किंवा बळावणं डॉक्टरांना चांगलं माहीत आहे, घरच्यांना नाही. घरच्यांना वाटतं, सून फार परहेजगार झाली.

पहिला डॉक्टर भेटतो तो बहुधा कातडीचा. हाताला चिरा पडलेल्या असतात, साबणानं बोटांची सालं निघालेली असतात. मलम मिळतं आणि कमी पाण्यात काम करा असा सल्ला मिळतो. दुसरा दरवाजा बायकांच्या डॉक्टरचा, कारण अंगावरून पांढरं जातं का, त्यानं वजू तुटतो का, हा धसका असतो. दोन्हीकडे ती खरं बोललेली असते, फक्त पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही: दिवसातला किती वेळ यात जातो, आणि थांबायचं म्हटलं तर थांबता येतं का? या दोन प्रश्नांत ओसीडीचा संशय घेता येतो. त्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

आता इथे पुरोगामी मराठी वाचक पुढे सरसावतो हे मला माहीत आहे. धर्मातच एवढं धुणं सांगितलंय म्हटल्यावर दुसरं काय होणार, असं त्याचं म्हणणं. हमीद दलवाईंच्या महाराष्ट्रात हे म्हणणं अपरिचित नाही आणि धर्मचिकित्सेच्या जागी त्याला मान आहे. आजाराच्या जागी मात्र ते चुकीचं आहे. 1966 साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी ज्या दोन रुग्णांवरच्या उपचारांतून आजची वर्तनोपचाराची पद्धत जन्माला आली, त्यांतली एक धुण्यात अडकलेली शिक्षिका होती आणि दुसरीला पवित्र आत्म्याविषयी अभद्र विचार छळत होते. दोघींचा इस्लामशी काही संबंध नव्हता. कॅथॉलिक पाद्री शतकानुशतकं पुनःपुन्हा कबुलीजबाब द्यायला येणाऱ्या माणसांनी हैराण झालेले आहेत. कर्मठ ज्यू घरांत हाच आजार भांडी आणि प्रार्थना यांच्यावर बसतो. अहमद ओकाशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली कैरोतल्या रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. तिथे धार्मिक आणि अशुद्धीच्या शंकांचं पारडं जड होतं. पाश्चात्य शहरांत याच आजाराचे रुग्ण जंतू, गॅसची शेगडी आणि कुलूप यांच्या शंका घेऊन येतात. आणि आपल्याकडे? सोवळ्यात वाळत घातलेल्या लुगड्याला कुणाचा वारा लागला म्हणून तिसऱ्यांदा आंघोळ करणारी आजी बऱ्याच मराठी घरांत होऊन गेली. तिला मंत्रचळ लागलाय म्हणून आपण हसलो, तिच्या लकबी विनोदी कथांत घातल्या. तिला दवाखान्यात कुणीच नेलं नाही. तेव्हा मोहल्ल्याकडे बोट दाखवताना जरा दमानं घ्यावं.

आजार माणसाला सगळ्यात प्रिय असतं तिथे जाऊन बसतो. आईच्या मनात स्वतःच्या बाळाला इजा करण्याचे विचार घालतो, देवभक्ताच्या मनात देवनिंदा घालतो. नमाज जिच्या दिवसाचा कणा आहे तिच्या नमाजवर बसतो. धर्म त्याला विषय पुरवतो, वेळापत्रक पुरवतो. दिवसातून पाच वेळा शुद्धीचा प्रश्न समोर येणं ही आजाराला मिळणारी आयती संधी आहे, हे मी नाकारणार नाही. पण कोट्यवधी बायका तेच पाच वजू रोज करतात, डाळीला फोडणी देता देता करतात, आणि विसरून जातात.

मुसलमान परंपरेला हा त्रास नवा नाही. वसवसा, म्हणजे मनात सतत कुजबुजणारी शंका, हा शब्द प्रत्येक मदरशातल्या पोरीला ठाऊक असतो. बल्ख परिसरात जन्मलेल्या अबू झैद अल-बल्खी या विद्वानानं, जो 934 च्या सुमारास वारला, शरीर आणि मन यांच्या निगेवर एक ग्रंथ लिहिला. त्यात राग, भीती आणि दुःख यांच्यापासून वेगळा करून या चिकट विचारांचा विकार त्यानं मांडला. आधुनिक मानसोपचारतज्ज्ञांनी 2015 साली तो मजकूर आजच्या निकषांशी ताडून पाहिला, तेव्हा त्यांना बरंच साम्य आढळलं. त्यानंतर बगदादच्या इब्न अल-जौझीनं आणि दमास्कसच्या इब्न कुदामानं पाण्याच्या शंकेत बुडालेल्या लोकांवर कडक लिहिलं. इब्न अल-जौझीनं इब्न अकील या फकिहाचा, म्हणजे धर्मशास्त्र्याचा, एक किस्सा दिला आहे. एक माणूस आला आणि म्हणाला, मी पाण्यात कितीदा बुडी मारतो, तरी गुसल झालं की नाही शंका राहते, मी काय करू? इब्न अकीलनं सांगितलं, तू नमाजच पढू नकोस, कारण वेड्यावर नमाज बंधनकारक नसते आणि इतक्या बुड्या मारूनही पाणी लागलं की नाही असं विचारणारा वेडाच. किस्सा हुशारीचा आहे, मिशीत हसवणारा आहे, आणि उपचार म्हणून निरुपयोगी आहे. त्या माणसाला आपण विचित्र वागतोय हे आधीच कळत होतं. तो तेच तर सांगायला आला होता.

मात्र या फकिहांनी एक गोष्ट पक्की करून ठेवली आणि ती आज उपयोगाची आहे. शंकेनं खात्री मोडत नाही, हा इस्लामी कायद्याचा पायाभूत नियम. वजू होता हे माहीत आहे आणि तुटला की काय अशी नुसती शंका आहे, तर वजू आहे. नमाजमध्ये पोटात गडबड वाटली तर आवाज किंवा वास आल्याशिवाय जागा सोडू नये, हे हदीसमध्येच आलं आहे. पैगंबर साधारण लीटरभराच्या आतबाहेर पाण्यात वजू करत, असं हदीस सांगते. अवयव तीनपेक्षा जास्त वेळा धुणाऱ्याला हद्द ओलांडणारा म्हटलं आहे. वऱ्हाडातले बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे. हनफी मसलक तर या बाबतीत चांगलाच सैल आहे: लघवीचे सुईच्या टोकाएवढे शिंतोडे माफ, ठरावीक मापापेक्षा कमी नजासत (घाण) कपड्याला असेल तर नमाज बाद होत नाही, रकाती मोजण्यात वारंवार शंका येणाऱ्यानं मनाचा कल जिकडे असेल तो आकडा धरून पुढे जावं आणि कल कुठेच नसेल तर लहान आकडा धरून शेवटी भूलचुकीचे सजदे करावेत. मनात भयंकर विचार येतात, ते बोलायलाही भीती वाटते, अशी तक्रार पैगंबरांच्या सोबत्यांनी केली तेव्हा त्यांना झिडकारलं गेलं नाही. ती भीती हीच ईमानाची खूण असल्याचं त्यांना सांगितलं गेलं.

मग सगळं आहेच की! मौलानांनी हे समजावून सांगितलं की बाई बरी. असं होत नाही, आणि इथेच बहुतेक भल्या माणसांची फसगत होते.

तिला हे सगळं पाठ असतं. बहिश्ती जेवर हे बायकांसाठीचं धर्मनियमांचं पुस्तक घरात असतं आणि त्यातली पाकीची प्रकरणं तिनं इतकी वाचलेली असतात की मोहल्ल्यातल्या बायका तिलाच मसले, म्हणजे धर्मनियमांचे प्रश्न, विचारतात. शिंतोडे माफ आहेत हे तिला मान्य असतं. हा शिंतोडा सुईच्या टोकाएवढाच होता हे कशावरून? शंका सोडून द्यायची हे मान्य असतं. ही शंका आहे, की खरोखरची जाणीव आहे, की मी आळसापोटी तिला शंका म्हणतेय? प्रत्येक उत्तराला आजार एक बारीक फट पाडतो आणि त्या फटीतून नवा प्रश्न बाहेर येतो. मौलानांनी पाक झालं म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडतो, अर्धा तास, कधी दहा मिनिटं. नायटा खाजवल्यावर बरं वाटतं, तसं ते बरं वाटणं. पुढच्या वेळी प्रश्न आधीपेक्षा लवकर येतो आणि विचारल्याशिवाय राहवत नाही. विचारून हायसं वाटणं हे मेंदूनं शिकलेलं असतं, आणि धुऊन हायसं वाटणं याहून ते काही वेगळं नसतं. नवऱ्याचं हो, झालं पाक हे वाक्यसुद्धा तिच्या विधीचाच भाग बनतं. तो चिडून, कंटाळून, कधी खरंच कळवळून ते म्हणतो. काही घरांत मग पोरं शाळेतून आली की अंगणात कपडे बदलतात, नवरा बाजारातून आला की पाय धुऊन मगच आत येतो, आणि सगळं कुटुंब तिच्या आजाराची चाकरी करू लागतं, घरात शांतता राहावी म्हणून.

म्हणूनच मला अजून एक फतवा, अजून एक चांगलं पुस्तक, अजून एक समंजस बयान हा मार्ग पटत नाही. चांगल्या आलिमाचं चांगलं उत्तरही पन्नासाव्या वेळी दिलं की ते औषध राहत नाही. तिला उत्तर मिळत नाही ही तिची अडचण नाही. उत्तराशिवाय राहता येत नाही, ही आहे.

मायर यांच्यापासून निघालेली ईआरपीची, म्हणजे भीतीला सामोरं जाऊन विधी रोखण्याची, पद्धत नेमकी तिथेच हात घालते. ज्याची भीती आहे त्याला टप्प्याटप्प्यानं सामोरं जायचं आणि नंतरचा विधी करायचा नाही. ना धुणं, ना विचारणं. भीती चढते, थांबते, आणि काही न करताही उतरते, हे अंगाला पटू द्यायचं. नमाजी बाईच्या बाबतीत हे कसं करायचं, यावर सगळं अवलंबून आहे. एखादा उत्साही थेरपिस्ट म्हणतो, मुद्दाम वजू न करता नमाज पढून बघा, किंवा सहा महिने नमाज बंदच ठेवा. ती मान डोलावते आणि पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढत नाही. तिच्या लेखी त्यानं आजाराऐवजी दीनवर हात टाकलेला असतो, आणि मला तिचं चूक वाटत नाही. इतर कोट्यवधी मुसलमान बायका जे करतात तेवढंच तिच्याकडून करवून घेता येतं, आणि ते पुरेसं अवघड असतं. एक लहान तांब्या पाणी. प्रत्येक अवयव ठरल्याइतक्या वेळा, मोठ्यानं न मोजता. पाणी संपलं की वजू संपला. मुसल्ल्यावर उभं राहायचं ते शंका मिटल्यावर नाही, शंका मनात असताना. नमाज सुरू करायची तकबीर एकदाच. नमाज झाली की पुन्हा पढायची नाही आणि कुणाला विचारायचं नाही. लेकराला ओल्या चड्डीसकट उचलून घ्यायचं, त्याची चड्डी बदलायची, आपले हात एकदा धुवायचे आणि भाकरी थापायला बसायचं. यातलं काहीही शरियतच्या बाहेरचं नाही, उलट ते शरियतच्या जास्त जवळ आहे. पण हे तिला डॉक्टरनं सांगून चालत नाही.

तिचं आणि डॉक्टरचं नातं मुळातच अवघडलेलं असतं. अमरावतीत नोव्हेंबर 2021 मध्ये दंगल होऊन संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं, हे फार जुनं नाही. हिजाबपासून अजानपर्यंत तिच्या धर्माची प्रत्येक गोष्ट टीव्हीवर वादाला घेतलेली ती पाहते. अशा दिवसांत परधर्माच्या, बहुधा पुरुष असलेल्या डॉक्टरसमोर बसून माझी नमाज मला जाच झाली आहे असं म्हणणं म्हणजे आपल्या लोकांविरुद्ध साक्ष दिल्यासारखं तिला वाटू शकतं. आणि डॉक्टर अजाणता म्हणून गेला, तुमच्यात जरा जास्तच असतं नाही हे, की ती धर्माचा बचाव करायला लागते आणि त्याच पदराखाली आजारालाही घेते. बुरख्यामुळे दवाखान्याच्या रांगेत कुणी ओळखत नाही, ही सोय आहे. आत गेल्यावर तोच बुरखा डॉक्टरच्या मनात निदान पक्कं करून टाकतो, ही गैरसोय. अल्पसंख्य समाजातल्या रुग्णाला आपला आजार सांगताना आपल्या समाजाची इज्जतही सांभाळावी लागते. बहुसंख्यांतल्या रुग्णाला हा भार कळतही नाही.

या मानानं ताविज देणाऱ्या आमिलाचा दरवाजा सोपा असतो. तो आपला असतो, वेळ देतो, ऐकून घेतो, आणि दोष तिच्यावरून काढून एखाद्या साया-नजरेवर टाकतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीच्या दर्ग्याला होळीच्या सुमाराला भरणाऱ्या यात्रेत मनोरुग्णांना घेऊन येणारी कुटुंबं, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, वऱ्हाडाला नवीन नाहीत. मारहाण, कोंडणं, पैसे उकळणं या गोष्टींवर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं बोट ठेवलंच आहे. पण ओसीडीची बाई सैलानीपर्यंत क्वचितच पोचते. ती बडबडत नाही, कपडे फाडत नाही. स्वयंपाक करते, पोरांना शाळेत सोडते, नात्यातल्या लग्नात नटून जाते. तिला स्वतःलाही कळत असतं की हे अति होतंय. हीच या आजाराची क्रूर गंमत आहे. भान शाबूत असतं, म्हणून वेडी ठरत नाही, म्हणून रुग्णही ठरत नाही. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुवा एकत्र देण्याचा प्रयोग झाला, मुजावरांनाच मानसोपचाराकडे पाठवायला शिकवलं गेलं. फार चांगलं. पण आपल्या बाईचा मुजावर दर्ग्यात नसतो. तो कुणाच्या तरी माजघरात, शुक्रवारी किंवा इतवारी दुपारी, पंधरा-वीस बायकांना तालीम देत बसलेला असतो. किंबहुना बसलेली असते.

मुलींच्या मदरशांतून शिकून आलेल्या आलिमा आता लहान गावांतही आहेत. बायका पाळीचे, पाकीचे, नवरा-बायकोचे प्रश्न मौलानांना विचारत नाहीत, त्यांना विचारतात. म्हणजे आजार सगळ्यात आधी आणि सगळ्यात उघडपणे त्यांच्यासमोर येतो. कातडीच्या डॉक्टरच्याही आधी. त्यांना मानसोपचार शिकवायची गरज नाही. दोनच गोष्टी पुरतील. एक, तोच प्रश्न तीच बाई तिसऱ्यांदा विचारते तेव्हा तो मसला राहिलेला नाही, मर्ज (आजार) झाला आहे, हे ओळखणं. दोन, त्या तिसऱ्या वेळी उत्तर न देणं. दुसरी गोष्ट कठीण आहे. समोरची रडकुंडीला आलेली असते, उत्तर तोंडाशी असतं, आणि दीनचा प्रश्न टाळणं पाप वाटतं. पण आलिमानं म्हणावं, बाजी, याचं उत्तर मी तुम्हाला दिलंय, आता परत देणार नाही, आणि याच्यासाठी आपण दोघी डॉक्टरकडे जाऊ, हे दवाखान्यातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा जड आहे. कारण त्या वाक्यानं तिला परवानगी मिळते. शंका असताना नमाज पढायची जबाबदारी आलिमा स्वतःवर घेते, पुरावा न मागता. डॉक्टरनं मग फक्त ती परवानगी मोडू द्यायची नाही.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. आलिमाला एवढं महत्त्व दिलं तर बाईच्या मनावरची धर्मसत्ताच आणखी पक्की होते, बाई मोकळी कुठे झाली? उत्तर असं की तिला आज जी सत्ता छळते आहे ती कुठल्याच आलिमाची नाही, ती आलिमालाही जुमानत नाही. त्या जाचातून सुटलेली बाई पुढे धर्माशी काय नातं ठेवेल, जास्त ठेवेल की कमी, हे ठरवायला निदान तिचं डोकं तरी रिकामं असेल. आज ते वजूच्या पाण्यातच अडकलं आहे. सुधारणेची अट घालून उपचार देणं मला अनीतीचं वाटतं.

गावातल्या माणसांच्या हाती उपचार दिले तर काय होतं, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विश्राम नावाचा प्रकल्प राबवला गेला. स्थानिक कार्यकर्ते तयार केले, ते गल्लीत फिरले, लोकांच्या भाषेत मनाविषयी बोलले, गरज पडली तर पुढे पाठवलं. अठरा महिन्यांनी पाहिलं तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं होतं. 2017 मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत हे प्रसिद्ध झालं. लोक मदत घेत नाहीत हे रडगाणं तिथे खोटं ठरलं. पण तो प्रकल्प मुख्यतः नैराश्यावर होता. आशाताईंच्या कागदावरही आता उदासीचे प्रश्न आले आहेत, धुण्याचे नाहीत. निम्हान्सच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ओसीडीचं प्रमाण प्रौढांत 0.8 टक्के निघालं, म्हणजे सव्वाशे माणसांमागे एक. त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. तेव्हा नांदगावच्या मोहल्ल्यात अशा किती जणी आहेत हे कुणी मोजलेलं नाही. तुम्ही फार धुता का, वारंवार तपासता का, नको असलेला विचार मनातून हटत नाही का, रोजची कामं संपायला फार वेळ लागतो का, एवढं विचारायला आशाताईला दोन मिनिटं लागतील. आणि मोहल्ल्यातली आशाताई बहुधा मोहल्ल्यातलीच असते.

औषधांबद्दल गैरसमज इतके आहेत की ते नुसते मागे टाकून चालणार नाहीत. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम, फ्लुवोक्सामिन या गोळ्या झोपेच्या नाहीत आणि त्यांचं व्यसन लागत नाही, फक्त एकाएकी बंद करायच्या नाहीत. ओसीडीला डोस नैराश्यापेक्षा बऱ्याचदा जास्त लागतो आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात. इथेच घात होतो. तिसऱ्या आठवड्यात नवरा म्हणतो, काही फरक नाही, एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी फुकट गेली. गोळ्या कपाटात पडतात. पहिल्याच भेटीत बाईसोबत जो कुणी आला असेल त्याला, नवरा असो की भाऊ, डॉक्टरनं तारखेसकट सांगायला हवं की अमुक महिन्यापर्यंत काहीच दिसणार नाही आणि तरी यायचं आहे. मधल्या फेऱ्यांसाठी 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, मराठीत आणि हिंदीत बोलता येतं.

रमजानचं तर डॉक्टरला आधीच माहीत हवं. यातल्या बहुतेक गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात, त्या इफ्तारनंतर किंवा सहरीला बसतात, रोजा मोडायचं कारण नाही. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं आणि ते कशापासून बनलं हा प्रश्न या रुग्णाला छळणारच, तर सरळ गोळी लिहून द्यावी आणि वाद टाळावा. हे आजाराला शरण जाणं आहे का, असं एखादा कडक थेरपिस्ट विचारेल. असेलही थोडं. पण सुरुवातीला बाई औषध घेते आहे हे महत्त्वाचं. जिलेटिनची शंका सहाव्या महिन्यात उपचारांच्या यादीत घालता येईल, तेव्हा ती स्वतःच हसून म्हणेल की याही शंकेला उत्तर देऊ नका.